वाढवलेलं घर

शनिवारी ऑफिसला जायचं म्हटलं की कुणाच्याही कपाळावर आठी चढते. त्यातून वन-नॉर्थ भागातल्या त्या इमारतीची तऱ्हा अशी, की शनिवारी दुपारी एक वाजला की थंड हवेचं यंत्र थांबायचं. आठव्या मजल्यावर सगळ्या काचा कायमच्या बसवलेल्या, एकही उघडत नाही. अडीच-तीन वाजेपर्यंत आत असं उकडायला लागायचं, की सिंगापुरात बारा वर्षं काढलेल्या माणसालाही जीव नकोसा व्हावा. बाहेर आभाळ काळंठिक्कर, वीज चमकत होती, पण पाऊस काही पडत नव्हता. अख्ख्या मजल्यावर सुचित्रा एकटी बसली होती आणि मनातल्या मनात उन्मेषला शिव्या घालत होती.

उन्मेष तिचा साहेब. मूळचा मुंबईचा, मराठीच. नवी आवृत्ती शनिवारीच लोकांच्या फोनवर जायला हवी, असं त्यानं शुक्रवारी संध्याकाळी ठरवलं आणि स्वतः सायकल घेऊन ईस्ट कोस्टला समुद्रकाठी निघून गेला. काम म्हणाल तर साधं होतं. जुनी स्थळं बघायला येणाऱ्या लोकांसाठी त्यांची कंपनी फोनवरचा वाटाड्या बनवायची. आताचं स्थळ होतं इटलीतलं वाल्दोरा, डोंगरावरून आलेल्या चिखलाखाली दोन हजार वर्षांपूर्वी गाडलं गेलेलं एक लहानसं रोमन गाव. एकतीस घरं खणून काढलेली. त्यातली रोज सगळी बघता येत नाहीत. कुठे डागडुजी चालू, कुठे पहारेकरी कमी. तेव्हा येणारा प्रत्येक माणूस आधी एकच विचारतो: आज काय उघडं आहे? ती यादी तेरा भाषांत दाखवायची, हे सुचित्राचं खातं.

मराठी चौदावी. ती तिनं हट्टानं घालून घेतली होती. आणि ती लिहिली होती तिच्या बाबांनी.

गोविंदरावांचं पुण्यात रविवार पेठेत घाण्याच्या तेलाचं दुकान होतं, त्रेचाळीस वर्षं. शिक्षण बेताचं, पण वाचन दांडगं आणि भाषेच्या बाबतीत माणूस भलता खट. मागच्या वर्षी तीन महिने सिंगापुरात तिच्या मरीन परेडच्या फ्लॅटवर राहायला आले, तेव्हा रिकामे बसवेना म्हणून त्यांनी सुचित्राचा सगळा मजकूर वहीत पेन्सिलीनं मराठीत उतरवून दिला. चारशे बारा ओळी. एक पैसा घेतला नाही, आणि उन्मेषनं साधं आभाराचं एक वाक्यही लिहिलं नाही. तो राग सुचित्राच्या मनात तेव्हापासून होताच.

बाबांच्या दुकानाचे दोन नियम होते आणि ते मोडलेले त्यांना खपायचे नाहीत. पहिला, दुकान ‘बंद केलं’ असं तोंडातून काढायचं नाही. दुकान वाढवायचं. बंद म्हटलं की बंदच होतं, म्हणायचे. सहा वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि दुकान कायमचं आटोपलं, तेव्हाही ते ‘वाढवलं’ एवढंच म्हणाले, आणि किल्ल्यांचा जुडगा अजून खांद्यावरच्या पिशवीत घालून जगभर हिंडत होते. दुसरा नियम, गादी रिकामी ठेवायची नाही. मालकाला उठायचं असेल, तर आधी कुणीतरी गादीवर बसायला हवं. सुचित्राचं निम्मं लहानपण त्या गादीवर गेलं. “जरा बस गं, आलोच,” म्हणून बाबा जायचे आणि तास तास यायचे नाहीत. दहावीच्या भूमितीच्या पेपराची आदली दुपारसुद्धा तिनं तिथेच घालवली होती. गणितात एकशे पन्नासपैकी किती पडले, ते ती आजही कुणाला सांगत नाही.

चार वाजता फोन वाजला. बाबाच. पुण्याच्या एका ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर ते इटलीला गेले होते. खास वाल्दोरा बघायचं म्हणून ही सहल निवडलेली. तिकडे सकाळचे दहा.

“सुचे, पोचलो गं. आता सांग, आज कुठली कुठली घरं उघडी?”

“बाबा, तुमच्याच फोनवर आहे की. तुम्हीच तर लिहिलंय.”

“ते आहे. पण तुझ्या तोंडून ऐकू दे. इथे मी सगळ्यांना सांगितलंय, माझी मुलगी सिंगापुरात बसून रोमची दारं उघडते.”

इतक्या रागातही तिला हसू आलं. तिनं पडद्यावरची इंग्रजी यादी वाचायला घेतली. “सात उघडं. बारा उघडं. एकोणीस, डागडुजी. बावीस उघडं. सत्तावीस…”

“सत्तावीस म्हणजे तेलवाल्याचं घर. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. ते मला बघायचंच आहे.”

“ते बंद आहे, बाबा.”

“बंद म्हणू नकोस.”

“बरं, वाढवलंय!”

“मग इथे हे काय लिहिलंय? ‘वाढीव दालन खुले, अवश्य भेट द्या.’ सुचे, हे मी लिहिलेलं नाही. असलं मराठी मी मेलो तरी लिहिणार नाही.”

तिनं घाईघाईनं मराठी फाइल उघडली. “थांबा. आत जाऊ नका. मी बघते काय झालंय ते.”

“अगं, दारावर साखळी नाही, पहारेकरी नाही. नुसतं डोकावून येतो. येतो हं.” आणि फोन बंद.

फाइल बघितल्यावर सुचित्राच्या डोक्यात तिडीक गेली. बाबांनी जिथे जिथे ‘वाढवले’ लिहिलं होतं, तिथे तिथे नवंच काहीतरी आलं होतं. शेजारी नाव उन्मेषचं, वेळ काल रात्रीची. तिनं त्याला फोन लावला. मागे समुद्राचा वारा आणि कुठल्याशा सायकलची घंटी ऐकू येत होती.

“मराठी फाइलला हात कुणी लावला?”

“अगं, सगळ्या भाषांवर मशीननं एक हात फिरवला. पॉलिश. तुझ्या बाबांचं मराठी थोडं ओल्ड-फॅशन्ड होतं, यार.”

“‘वाढवले’चं तू ‘वाढीव दालन’ केलंस?”

“मशीननं केलं. वाढवणे म्हणजे एक्सटेंड. त्यात काय चुकलं?”

“दुकान वाढवलं म्हणजे काय, माहीत नाही तुला? आईनं कधी सांगितलं नाही? बंद केलं! वाढवलं म्हणजे बंद!”

तो हसला. खरंच हसला. “हे कुठलं लॉजिक? मग बंद लिहायचं ना सरळ. आणि चिल, मराठीत वापरणारी माणसं किती? चार?”

“त्या चारांतले एक माझे बाबा आहेत आणि ते आत्ता तिथे उभे आहेत.”

“बरं, बरं. मी दुरुस्त करतो,” म्हणून त्यानं फोन ठेवला. सुचित्रानं फोन टेबलावर आदळला. आणि मग तिची नजर नकाशावर गेली.

घर नंबर सत्तावीस. चार खोल्या. महिनाभर ती हा नकाशा रोज बघत होती. पुढे दुकान, मग चौक, दोन बाजूंना दोन खोल्या. आज पाच दिसत होत्या. मागच्या भिंतीपलीकडे, जिथे अजून कुणी खणलंच नव्हतं तिथे, एक चौकोन. त्याला नाव नव्हतं. कुणी काढला, ते सांगणारी जागाही कोरी होती.

काचेपलीकडे वीज चमकली, पण गडगडाट काही आला नाही. कोंदट हवेत कसला तरी वास यायला लागला होता. आधी तिला वाटलं, खालच्या हॉकर सेंटरमधून, खाण्याच्या गाळ्यांवरून येतोय. पण हा तळणाचा वास नव्हता. हा घाण्यावरच्या कच्च्या तिळाच्या तेलाचा वास होता, आणि तो तिला गादीवर बसून बसून इतका पाठ होता की झोपेतसुद्धा ओळखला असता.

फोन वाजला.

“सुचे…” बाबांचा आवाज दबका होता, देवळात बोलतात तसा. “अगं, खरंच वाढवलंय गं हे.”

“बाबा, बाहेर या.”

“मागे एक खोली आहे. भिंतींचा रंग ओला वाटतोय. कट्ट्यात रांजण पुरलेत, आणि रांजणांत तेल आहे. बोट बुडवून बघितलं. ताजं आहे.”

“बाबा, ती खोली नाहीये तिथे. ऐका माझं. आत्ताच्या आत्ता मागे फिरा.”

“अगं, माणूस बसलाय इथे. गादीवर.” ते थांबले. फोनमधून दुसरा कुणाचा तरी आवाज आला. बारीक, सभ्य. शब्द कळले नाहीत. मग बाबा हसले, ते गिऱ्हाइकाशी हसायचे तसं. “काय म्हणतो माहितेय? म्हणतो, जरा बसता का, आलोच.”

“कुठल्या भाषेत?”

बाबा जरा विचारात पडले. “ते नाही लक्षात आलं. कळलं मला, एवढं खरं.”

“बसू नका!” सुचित्रा ओरडली. त्या रिकाम्या मजल्यावर तिचा आवाज काचांवर आपटून परत आला. “बाबा, तुम्हाला माझी शपथ आहे, बसू नका!”

“अगं, गादी रिकामी कशी ठेवायची? बिचारा कधीचा बसलाय, कोण जाणे. दोन मिनिटं. तो गेला बघ, आला की मी…”

फोन मधेच तुटला. चार वाजून तेवीस मिनिटं. सुचित्रानं पडद्याकडे बघितलं. सत्तावीस नंबरसमोरची ओळ बदलली होती. तिथे आता एकच शब्द होता, उन्मेषनं समुद्रावरून, सायकलीवर बसल्या बसल्या लिहिलेला.

बंद.

नकाशावर खोल्या चार होत्या.

*

सहलीची प्रमुख मीनल म्हणून एक बाई होती. तिचा फोन लागायला दीड तास गेला. ती म्हणाली, “ताई, गोविंदकाका ना? आहेत की. आम्ही बसमध्ये बसलोय. अठरा उतरले, अठरा चढले. मी स्वतः डोकी मोजली.”

“त्यांना फोन द्या.”

बराच वेळ नुसती बसची घरघर. मग मीनलचा आवाज, पहिल्यासारखा राहिलेला नाही. “ताई, काका दिसत नाहीयेत. त्यांची पिशवी सीटवरून कुणीतरी घेतलीय… पण मोजले तर अठराच भरतायत.”

पिशवीत पासपोर्ट होता, तिकीट होतं आणि दुकानाच्या किल्ल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी तिथल्या लोकांनी सत्तावीस नंबर उघडून दाखवला. चार खोल्या. मागची भिंत बोटभर धुळीनं माखलेली, दारावरची साखळी गंजून कुलपासकट जागच्या जागी. म्हणाले, हे घर दोन वर्षांत कुणी उघडलेलंच नाही. तुमचे वडील आत गेले कुठून? आणि चौथ्या दिवशी तर कहर झाला. विमान कंपनीकडून कळलं, गोविंदराव ठरल्या विमानानं भारतात परतले. सीट भरलेली, जेवण घेतलेलं, मुंबईत पासपोर्टवर शिक्का. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यांना विचारलं तर ते म्हणाले, होतं बुवा कुणीतरी, शांत माणूस, तेलाचा वास येत होता अंगाला.

झालं. सगळ्यांनी हात झटकले. म्हातारा माणूस आहे, विसरला असेल, भटकला असेल, पुण्यात शोधा. पुण्यातल्या घराला कुलूप. संजीव, तिचा नवरा, तुआसच्या कारखान्यात तीन-तीन पाळ्या करून येत होता तरी रात्र-रात्र फोन लावायचा. बारा वर्षांची ऋता एकदा म्हणाली, “मम्मा, आजोबा पुण्यात आहेत म्हणतात ना सगळे, then why you so angry lah?” तेव्हा सुचित्रानं तिच्यावर हात उगारला आणि मग न्हाणीघरात जाऊन तोंडात टॉवेल कोंबून रडली. दुःख नव्हतं ते. राग होता. बाबांवर राग, की एवढं ओरडून सांगितलं तरी गादीवर बसले. स्वतःवर राग, की दुसऱ्याच्या हाती फाइल सोडली. आणि या दोन्हींपेक्षा मोठा राग होता तो एका माणसावर.

त्या माणसानं शुक्रवारी मीटिंग घेतली. “ट्रॅजिक आहे,” म्हणाला, “पण आपल्या ॲपचा याच्याशी संबंध नाही. रेकॉर्डप्रमाणे घर बंद होतं. मी स्वतः तसं लिहिलंय.”

“चार तेवीसला लिहिलंस. ते आत असताना.”

“सुचित्रा, ते आत नव्हते. आत जायला दार उघडंच नव्हतं.” मग आवाज खाली आणून, “हे बघ, मराठी आपण काढूनच टाकू. नको ती झंझट.”

“मराठी काढलीस तर तुला मी काढीन,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. कुठून काढीन ते तिलाही माहीत नव्हतं. पण उन्मेषनं विषय बदलला.

ती मराठी काढू देत नव्हती, कारण तिनं एक पाहिलं होतं आणि ते कुणाला सांगितलं नव्हतं. मंगळवारी साडेतीन वाजता सत्तावीस नंबरसमोरचा शब्द आपोआप बदलला. ‘बंद’ गेलं, ‘वाढवले’ आलं. संध्याकाळी साडेसहाला ‘उघडले’. मग रात्री पुन्हा ‘वाढवले’. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बदल करणाऱ्याचं नाव कोरं. इटलीच्या घड्याळाशी ते जुळेना, सिंगापूरच्याही जुळेना. शेवटी तिनं अडीच तास वजा केले, भारताची वेळ काढली, आणि ते जुळलं. दुपारी एक ते चार वाढवले. चारला उघडले. रविवार पेठेतल्या तेलाच्या दुकानाची वेळ होती ती. आयुष्यभर लोकांनी पुण्याच्या दुकानदारांची त्यावरून थट्टा केली, आणि बाबांनी आयुष्यभर ती पाळली.

आणि नकाशावर खोल्या पुन्हा पाच झाल्या होत्या.

उन्मेषच्याही हे लक्षात आलं, पण वेगळ्या वाटेनं. तो रोज ‘बंद’ लिहायचा आणि रोज ते पुसलं जायचं. त्याची खात्री पटली, की तिथल्या कुणाकडे तरी पासवर्ड गेलाय. गिऱ्हाईक हातचं जायची वेळ आली, तेव्हा तिसऱ्या आठवड्यात तो स्वतःच वाल्दोराला गेला.

बुधवार होता. पावणेचार वाजले होते. सुचित्रा पडद्यासमोर बसली होती आणि फोन वाजला.

“मी सत्तावीसच्या दारात उभा आहे. पहारेकऱ्यानं कुलूप काढून दिलंय. तुझी यादी काय म्हणतेय आत्ता? उघडं की बंद?”

तिनं पडद्याकडे बघितलं. पुण्यात सव्वा वाजला होता.

“वाढवलंय,” ती म्हणाली.

“एक्सटेंडेड. करेक्ट. म्हणजे तो जो कुणी आहे तो अजून लिहितोय. थांब, आत जाऊन बघतो.”

हीच वेळ होती. एक शब्द म्हटला असता तर पुरे होतं. वाढवलं म्हणजे काय, ते तिनं त्याला एकदा ओरडून सांगितलं होतं. त्याला ते लॉजिक वाटलं नव्हतं. तो हसला होता. तो हसण्याचा आवाज तीन आठवडे तिच्या कानात होता. आता त्याच्या बुटांखाली खडी वाजत होती. मग खडीचा आवाज थांबला, आणि पावलं फरशीवर पडायला लागली.

सुचित्रानं ओठ मिटून घेतले.

“च्यायला…” उन्मेषचा आवाज दबका झाला. “इथे मागे खोली आहे. सुचित्रा… अगं, इथे कुणीतरी बसलंय. म्हातारे गृहस्थ…”

ऑफिसात माणसं होती, हवा गार होती, चहाच्या यंत्रापाशी कुणी हसत होतं. त्या सगळ्यांमधून तिळाच्या तेलाचा वास तिच्यापर्यंत आला. आणि फोनमधून तो आवाज. थकलेला, पण सभ्य, गिऱ्हाइकाशी बोलायचा आवाज. तिच्या बाबांचा.

“जरा बसता का? आलोच.”

उन्मेष वाईट वळणाचा मुलगा नव्हता. वडीलधाऱ्यांनी काही सांगितलं तर नाही म्हणू नये, एवढं त्याच्या आईनं शिकवलं होतं.

“हो काका,” तो म्हणाला. “बसतो.”

सुचित्रानं यादी समोर ओढली. सत्तावीस नंबरसमोर शब्द अजून ‘वाढवले’च होता. तिनं वाट बघितली. फरशीवर पावलं वाजली, हळू, गुडघा दुखणाऱ्या माणसाची. मग खडी. मग मोकळी हवा, आणि एक पक्षी ओरडला.

“सुचे?” बाबा म्हणाले. “हा फोन कुणाचा गं? त्या मुलानं माझ्या हातात दिला.”

तिनं लिहिलं: बंद. आणि कळ दाबली.

*

पहारेकऱ्यानं एक माणूस आत सोडला होता, एक बाहेर घेतला. चेहरा कोण बघतो? वकिलातीनं बाबांना नवे कागद करून दिले आणि संजीव जाऊन त्यांना मरीन परेडला घेऊन आला. बाबा बरे होते, थोडे वाळले होते. तीन आठवडे त्यांना एक दुपार वाटली होती. फार बोलायचे नाहीत. गॅलरीत बसून जहाजं बघायचे, आणि साडेतीन वाजले की आत जाऊन आडवे व्हायचे.

सत्तावीस नंबरसमोर ‘बंद’ होतं ते ‘बंद’च राहिलं. ते पुन्हा कधी बदललं नाही. खोल्या चार.

उन्मेषची बायको अश्लेषा रोज फोन करायची. सुरुवातीला सुचित्रा घ्यायची, मग घेईनाशी झाली. आपण काय केलं ते तिला नीट माहीत होतं. रात्री ते आठवलं की ती उठून बसायची. पण पश्चात्ताप शोधायला जावं तर खाली अजून रागच हाताला लागायचा, आणि त्याचीच तिला जास्त भीती वाटायची.

ऑगस्टमधल्या एका रविवारी दुपारी सगळे जेवायला बसले होते. बाबांचा नवा फोन वाजला. विनीताचा होता; रविवार पेठेत त्यांच्या दुकानाशेजारी तिचं ब्लाउज शिवायचं दुकान. बाबांचे हात वरणाचे होते, म्हणून ऋतानं स्पीकर लावला.

“काका, कमाल केलीत! दुकान पुन्हा सुरू केलंत आणि कळवलं नाहीत?”

बाबांचा घास हातातच राहिला. “दुकान? कुणी उघडलं?”

“अहो, तुमच्याच माणसानं. किल्ल्या होत्या की त्याच्याकडे. भला आहे, फार बोलत नाही. मघाशी मला म्हणाला, जरा बसता का, आलोच. मी म्हटलं, शेजारधर्म आहे. अडीच तास झाले, बसलेय मी तुमच्या गादीवर. याचा पत्ता नाही.”

सुचित्रा उठून उभी राहिली.

“आणि काय हो काका,” विनीता म्हणाली, आणि तिचा आवाज एकदम देवळात बोलतात तसा दबका झाला, “दुकानाला ही मागची खोली कधी वाढवलीत?”